पान सहा, खालून चौथी ओळ

४ मार्च

वहिनी,

नमस्कार. साष्टांग लिहीत नाही, कारण माझी कंबर धरली आहे, आणि धरली नसती तरी लिहिलं नसतं. तू बरी असशील असं गृहीत धरते. मीही बरी आहे. क्षेमकुशल संपलं.

तुझा लेख आज तिसऱ्यांदा परत केला आहे. 'तांत्रिक कारणास्तव आपला लेख परत पाठवत आहोत' असं ईमेल तुला मिळालं असेल. खाली नाव नसतं, नुसतं 'संपादकीय कार्यालय' असतं. पण कार्यालय म्हणजे मी, एक खिडकी, एक प्रिंटर आणि दोन कपाटं, हे तुला चांगलं ठाऊक आहे. हे पत्र मात्र हाताने लिहून पोस्टाने पाठवते आहे. ऑफिसचे ईमेल संपादकबाईही उघडतात, आणि घरातली धुणी त्यांच्यासमोर धुवायची मला हौस नाही.

तू म्हणशील, नणंदेच्या हातात एकदाची सत्ता आली, आता ती गाजवणारच. म्हण. देह आणि नृत्य मानसोपचाराच्या या शोधपत्रिकेत मी एकोणीस वर्षं बसते आहे. मला नाचता येत नाही आणि मानसोपचार कळत नाही, पण लेख कसा पाठवू नये हे माझ्याइतकं कोणाला कळत नसेल. भलेभले प्राध्यापक माझ्या टेबलावरून तोंड पाडून परत गेले आहेत, तिथे तुझी काय कथा.

तर ऐक. मर्यादा सहा हजार शब्दांची, तुझे सहा हजार चौदा. लेख कोणाचा आहे हे परीक्षकांना कळू नये म्हणून फाइलीत कुठेही ओळख नको, असं नियमावलीत ठळक अक्षरांत छापलं आहे. तू नाव काढलंस आणि शेवटच्या आभारात तुमच्या पुनर्वसन केंद्राचं नाव, पत्ता आणि मजलासुद्धा ठेवलास. सूचक शब्द, तुमचे ते कीवर्ड, पाच मागितले होते, तू सात दिलेस. मजकुरात सत्रं चोवीस, तक्त्यात तेवीस. बारा वर्षं लोकांना तालावर हातपाय हलवायला शिकवतेस ना? मग पाचपर्यंत मोजता यायला हवं.

दादाचा 'रुग्ण अ' केलास त्याला माझी हरकत नाही, नियमच तो आहे. 'उपचारक ही रुग्णाची पत्नी आहे' हेही तू पहिल्याच पानावर उघड लिहिलंस, ते ठीक. पण त्याचं वय बावन्न लिहिलं आहेस. झटका आला तेव्हा त्याला त्रेपन्न पूर्ण होऊन महिना झाला होता. नवऱ्याचं वय माहीत नसेल तर विचारायचं होतं कोणाला तरी.

आणखी एक किरकोळ सूचना. पान सहा, खालून चौथी ओळ: 'उपचाराच्या संपूर्ण काळात रुग्णाच्या रक्ताच्या नात्यातील कोणीही भेटीस आले नाही.' ही ओळ अनावश्यक आहे. काढलीस तर चौदातले दहा शब्द तिथेच सुटतील.

विशेषांकासाठी लेख घ्यायची शेवटची तारीख तीस मार्च. त्यानंतर आलेल्याचा विचार होत नाही, कोणाच्याही.

कळावे.

संपादकीय कार्यालय


१७ मार्च

वहिनी,

तुझी दुरुस्त केलेली फाइल मिळाली. शब्द पाच हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. सूचक शब्द पाच. आभार गायब. तक्ता दुरुस्त, वय दुरुस्त, संमतिपत्र जोडलेलं, संदर्भसूचीतला स्वल्पविराम न् स्वल्पविराम जागेवर. मी दोन दिवस खुसपट शोधत बसले आणि एकही सापडलं नाही. अभिनंदन.

आणि पान सहावरची ओळ आहे तिथेच आहे.

वर वेगळ्या पत्रात तू मला कारण कळवतेस: 'ती ओळ खरी आहे म्हणून राहील. आणि ती अनावश्यक नाही. घरचं कोणी येत-जात नव्हतं, म्हणूनच त्याच्यातला बदल उपचारामुळे झाला असं म्हणता येतं.' किती सोपं करून सांगितलंस. अडाणी नणंदेला समजावं म्हणून.

'रक्ताच्या नात्यातील कोणीही.' हे 'कोणीही' कोण आहे, वहिनी? आई-बाबा गेल्यावर दादाला रक्ताचं एकच माणूस उरलं होतं. परीक्षकांना ते कळणार नाही, वाचकांना कळणार नाही. पण तुला कळतं आणि मला कळतं, आणि आता ते छापून कपाटात राहणार. मीच ते अंक वर्षावार लावून ठेवते. माझ्या हाताने ते कपाटात लावायचं, असं तुझं म्हणणं आहे.

तू लिहितेस की एप्रिलमध्ये केंद्राचे लोक ठरवणार आहेत, तुझी नाचाची खोली ठेवायची की तिथे चाकाच्या खुर्च्या रचून ठेवायच्या. लेख स्वीकारला गेला तर खोली वाचेल. नऊ माणसं तिथे येतात, त्यातल्या दोघी पहिल्यांदाच उभं राहायला लागल्या आहेत. 'माझ्यावरचा राग त्या नऊ जणांवर काढू नका, ताई.' हे वाक्य तू दोनदा लिहून दोनदा खोडलंस आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलंस, कागदावर दिसतं आहे. मला ताई म्हणू नकोस. म्हणजे, म्हण, दुसरं काय म्हणणार. पण गरज पडली की म्हणतेस, हे लक्षात येतं माझ्या.

राग कशाचा, ते तुला माहीत आहे. दवाखान्यातून सोडलं तेव्हा मी त्याच्यासाठी खोली तयार केली होती. बाबांची. खिडकीपाशी पलंग, हाताशी घंटा, दरवाज्यातला उंबरा सुताराकडून काढून घेतला होता. तू त्याला तिथून परस्पर केंद्रात नेलंस. मी फोन केला तर म्हणालीस, "त्याला पडून ठेवलं तर तो पडूनच राहील, ताई. त्याला शब्द सापडत नाहीत, पण ताल सापडतो. मी बघितलंय." मी म्हणाले, "माझ्या भावाला नाचवणार? माकड आहे का तो?" आणि तू फोन आपटलास.

बरं, मी आपटला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू.

त्यानंतर आठ महिने तू एकदा तरी बोलावलंस का? 'भेटीची वेळ चार ते सहा' एवढा एक निरोप पाठवलास, तोही केंद्राच्या छापील कार्डावर. असं कार्ड मी अनोळखी माणसालाही पाठवणार नाही. मग दुसरा झटका आला, त्यात दादा गेला आणि भेटीच्या वेळेचा प्रश्नच संपला. त्या दिवशी तू माझ्याकडे बघून एक शब्द बोलली नाहीस. मी तीन वर्षं त्या शब्दाची वाट बघते आहे, शिवी असती तरी चाललं असतं. आणि तू काय केलंस, तर लेख लिहिलास. माझ्याच टेबलावर पाठवलास. जगात दुसरी शोधपत्रिका नव्हती? का मुद्दाम?

लेख मी वाचला आहे. माझं काम मोजण्याचं आहे, वाचण्याचं नाही, तरी वाचला. सतराव्या सत्रावर तू दोन पानं खर्च केली आहेस. सगळा लेख त्या दोन पानांवर उभा आहे, एवढं मलाही समजतं. तू त्याच्यासमोर उभी, तो खुर्चीत, कोपऱ्यात कॅमेरा. तू उजवा हात हळूहळू वर नेतेस, त्याने आरशासारखं तेच करावं म्हणून. सोळा सत्रं त्याने हात हलवला नाही. सतराव्या सत्रात, मंगळवारी, तू हात खाली घेतल्यावर त्याने आपणहून डावा हात खांद्याच्या वर नेला, तळवा पुढे, आणि अकरा सेकंद तसाच धरला. 'रुग्णाने हाताची स्वेच्छेने केलेली पहिली हालचाल', असं म्हटलं आहेस. मग 'आरसा-पद्धतीचे यश'. मग बाकीच्या जगाचे संदर्भ.

बरं लिहिलं आहेस. तुला लिहिता येतं.

पण खरं काय आणि खोटं काय, हे कॅमेऱ्याच्या चौकटीत मावतं तेवढंच असतं असं समजू नकोस. तुझी पाठ कुठे होती, ते एकदा आठव. नाही, जाऊ दे. माझं ते काम नाही.

सरळ सांगते. ती ओळ काढ. मी लेख त्याच दिवशी पुढे पाठवते. नाही काढलीस तर घोडा मैदान जवळच आहे, तीस तारखेला तेरा दिवस उरलेत. याला धमकी म्हणायचं तर म्हण. मी आयुष्यात कोणाला दिली नव्हती, तुझ्यामुळे तेही झालं.

तुझी नणंद


३० मार्च

वहिनी,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. एवढा मोठा लिफाफा आणि आत एक ओळ.

'ताई, तुम्ही आला होतात का?'

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी मागच्या पत्रात नको ते लिहून गेले आणि तू नेमकं तेवढंच उचललंस. तीन दिवस मी उत्तर जुळवत होते. 'मी कशाला येऊ' असं लिहिलं. फाडलं. 'तुझ्या डोक्यात काय येईल त्याचा नेम नाही' असं लिहिलं. तेही फाडलं.

हो. आले होते.

सतरा नंबरच्या सत्राला, मंगळवारी. तारीख तुझ्या तक्त्यात आहे. ऑफिसातून अर्धी रजा घेतली. वाटेत डोक्यात सगळी वाक्यं तयार होती: कपडे भर, औषधं दे, मी त्याला घरी नेते आहे, बाहेर गाडी उभी आहे. गाडी खरंच उभी होती. खाली भेटीच्या वहीपाशी कोणी नव्हतं, पहारेकरी कुठे गेला होता देव जाणे. म्हटलं, जाताना सही करू. म्हणून वहीत मी नाही, म्हणून तुझ्या लेखात मी नाही.

तिसरा मजला, डावीकडचा लांब पॅसेज, शेवटचं दार. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच. आतून ढोलकीसारखं काहीतरी वाजत होतं, मंद, एकाच चालीत. मी काचेतून बघितलं.

तू पाठमोरी होतीस. केस कापले होतेस, मला माहीत नव्हतं. तो खुर्चीत. तोंड डाव्या बाजूला ओढलेलं, छातीवर रुमाल, पाय दोन बाजूंना टाकून दिल्यासारखे. आणि तो हसत होता, वहिनी. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होता. तू डुलत होतीस आणि तो मानेने डुलत होता. मी भांडायची तयारी करून आले होते, रडायचीही तयारी होती. तो हसत असेल याची तयारी नव्हती. माझ्या खिडकीपाशी, माझ्या घंटेशेजारी तो हसला नसता. हे मला त्याच क्षणी कळलं आणि त्याचा मला इतका राग आला की काय सांगू. तुझा नाही. त्याचा. बिचाऱ्या त्या अर्ध्या तोंडाच्या माणसाचा.

मग त्याने मला बघितलं. तू हात खाली घेतलास, आणि त्याची नजर तुझ्या खांद्यावरून काचेवर आली. डोळे मोठे झाले. आणि त्याने हात वर केला.

तुझ्याकडे नाही. माझ्याकडे.

आरसा-बिरसा काही नव्हतं. त्याला बहीण दिसली आणि त्याने हात केला. ही तुझी 'स्वेच्छेने केलेली पहिली हालचाल'. तीन महिने माझ्या टेबलावर पडलेलं तुझं यश हे माझं होतं, आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हते, कारण पुढचं, मग आत गेलीस ना, असं विचारलं असतं तर काय सांगणार होते?

मी गेले नाही. मागे वळले आणि पॅसेजमधून जवळजवळ पळत जिन्याशी आले. आत शिरले असते तर तुला म्हणावं लागलं असतं की तू बरोबर होतीस. तेवढंच होतं ते. दुसरं कुठलंही मोठं कारण नाही, मी खूप शोधून बघितलं. तुझ्यापुढे हरायचं नव्हतं म्हणून मी माझ्या भावाला हात वर केलेला ठेवून निघून आले. वाटलं, पुढच्या मंगळवारी जाऊ. राग थोडा निवला की. पुढचा मंगळवार मी वीस वेळा पुढे ढकलला.

आता आजचं. सकाळी संपादकबाई आल्या, त्यांना मी सांगितलं की ही लेखिका माझी भावजय आहे आणि रुग्ण माझा भाऊ होता, आणि मी लेख तीनदा अडवला तो नियमांसाठी नाही. त्यांनी चष्मा काढला. "हितसंबंधाचा फॉर्म तुम्हीच सगळ्यांकडून भरून घेता ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो. "मग तुमचा कुठे आहे?" त्यांनी फाइल माझ्याकडून काढून घेतली आणि म्हणाल्या, "या लेखाला आता तुम्ही हात लावायचा नाही." माझ्यासमोर त्यांनी तो स्वतः नोंदवला, अकरा वाजून वीस मिनिटांनी. तेव्हा तुझा लेख मुदतीत दाखल झाला आहे आणि दोन परीक्षकांकडे जाईल. माझ्या एकोणीस वर्षांचं काय करायचं ते बाई पुढच्या सोमवारी सांगणार आहेत. दया दाखवतील असं वाटत नाही, आणि दाखवावी असं मी काही केलेलंही नाही.

दाराची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. ती फक्त तुला लिहिली आहे.

परीक्षकांकडे जाण्याआधी लेखकाला एक परिच्छेद बदलायची मुभा असते, सात दिवस. हवं तर पान सहावर ही वाक्यं घाल, मी जुळवून ठेवली आहेत: 'सतराव्या सत्रात रुग्णाची बहीण दाराशी आली होती. तिला पाहून रुग्णाने हात वर केला. ती आत आली नाही.' ती लिहिलीस तर तुझी दोन पानं ढासळतात, कदाचित लेखही, कदाचित खोलीही. नाही लिहिलीस तर एक खोटी गोष्ट तुझ्या सहीने छापली जाईल आणि ती खोटी आहे हे आता तुला माहीत आहे. मी कोणाकडे तोंड उघडणार नाही. शपथ घालून सांगते. तू ठरव.

हे तुला अवघड जावं अशी माझी इच्छा आहे, तेही लपवत नाही. तीन वर्षं मी एकटीने वागवलं, आता थोडं तूही वागव. एवढं सगळं सांगितलं म्हणजे आपलं मिटलं असं समजू नकोस. ते छापील कार्ड मी विसरलेले नाही. तू त्याला न विचारता नेलंस, त्याची माफी नाही. पण तो तिथे हसत होता, हेही मीच बघितलं, दुसऱ्या कोणी नाही. तेव्हा ते मलाच लिहावं लागतं आहे. खोलीत नऊ जण येतात ना. त्यांची खोली जाऊ नये असं मला वाटतं. कसं वाचवायचं ते मला सुचत नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ते.

मला वाटत होतं की मी वळले तसा त्याने हात खाली घेतला असेल. तीन वर्षं मी तसंच धरून चालले होते. दोघांनी एकमेकांना बघितलं, त्याने हात केला, मी गेले, त्याने हात खाली ठेवला, संपलं. मग तुझा लेख आला. कॅमेऱ्याने अकरा सेकंद मोजले आहेत. वहिनी, मी त्या काचेशी तीन सेकंदसुद्धा नव्हते. मी टेबलावरच्या घड्याळाकडे बघत पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं आहे. म्हणजे उरलेले आठ सेकंद तो रिकाम्या काचेकडे हात करून बसला होता. पुन्हा दिसेन म्हणून.

पहिल्या दिवशी हे वाचलं तेव्हा मी लेख मिटून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तुला पहिल्यांदा परत पाठवला. शब्दसंख्या, सूचक शब्द, ओळ, सगळं नंतरचं.

आकृती तीनमध्ये त्याचा फोटो आहे, हात वर केलेला. चेहरा धूसर केला आहे, नियमच तसा आहे. मी भिंगाने बघितलं, काही दिसत नाही. पण तू समोर होतीस. त्या आठ सेकंदांत त्याचा चेहरा कसा होता, हे जगात फक्त तुला माहीत आहे. तुझ्या दोन पानांत हात आहे, खांदा आहे, श्वाससुद्धा मोजला आहेस, चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही.

तेवढं मला कळव. चांगला होता असं उगीच लिहू नकोस, मला कळेल. जसा होता तसा कळव. मी मागते आहे, आणि तुझ्याकडे मागते आहे, यावरून काय ते समज.

काचेपलीकडची